लाल दोऱ्याची गाठ

बिराजदार काका पहिल्यांदा माझ्या दारात आले ते मागायला. हैदराबादेत दुपारी बेल वाजली की माणूस काहीतरी विकायलाच आलेला असतो, असा माझा अनुभव. म्हणून दार अर्धंच उघडून मी म्हटलं, "काही नको."

"मला पाहिजे," ते म्हणाले. "माझी जाळी परत पाहिजे, ताई."

कुकटपल्लीतल्या आमच्या नवव्या मजल्यावर मी पुण्याहून नुकतीच राहायला आले होते. बाल्कनीत आधीच्या मालकांनी कबुतरांसाठी लावून घेतलेली जाळी होती. ती विरली म्हणून दोनच दिवसांपूर्वी मी दुसऱ्याकडून नवी बसवून घेतली होती. जुनी जाळी ह्या गृहस्थांनी लावली होती, एवढं बोलण्यातून कळलं. पण ती परत कशाला हवी?

"खालून जायलो होतो. वर बघितलं तर जाळीचा रंग बदललेला. मग म्हटलं, जुनी कुठं गेली?"

"कचऱ्यात टाकली की, काका."

देव्हाऱ्यातला देव कचऱ्यात टाकल्याचं सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला. ते तडक खाली गेले. थोड्या वेळानं मी वाकून पाहिलं तर पार्किंगमध्ये ती जाळी साडीसारखी पसरलेली, आणि काका उकिडवे बसून तिच्या कडेच्या गाठी मोजतायत. मग पुन्हा बेल.

"चोवीस पाहिजेत. तेवीसच हाईत."

खरं सांगायचं तर मी वैतागले. जाळीतला एक तुकडा कापून मी त्यात कांदे भरून स्वयंपाकघरात टांगले होते. त्यांनी दारातूनच तो हेरला. गाठ पाहिली, गाठीच्या शेपटाला बांधलेला लाल दोरा पाहिला आणि कांदे ओट्यावर ओतून तुकडा खिशात घातला. दुसऱ्या दिवशी काकूंनी शिवलेली कापडी पिशवी घेऊन पुन्हा हजर. "ही कांद्याला." ती पिशवी माझ्याकडे अजून आहे. कांदे तिच्यात जास्त टिकतात, हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

माणिकराव बिराजदार मूळचे उदगीरकडचे. शेतकऱ्याचं घर, कोरडवाहू जमीन, तुरीचं पीक. तरुणपणी हैदराबादला आले ते इथलेच झाले. अंबरपेठेत त्यांचं बोळवजा दुकान होतं. आत नायलॉनच्या जाळ्यांची भेंडोळी, हुक, ड्रिल, आणि एक स्टूल, ज्यावर ते स्वतः कधी बसलेले मी पाहिले नाहीत. बुटकेसे, सावळे, खाकी शर्ट. उजव्या खिशात हुक, डाव्या खिशात लाल दोऱ्याचं रीळ आणि छातीच्या खिशात प्लास्टिकची एक पुडी, जी ते कधी उघडत नसत. चालताना मान सदा वर. डॉक्टरांनी मणक्याच्या दुखण्यासाठी वर बघणं बंद करा सांगितलं, तर हे म्हणाले, "मग जगू काय बघून?" शहरातली प्रत्येक बाल्कनी त्यांना नावानिशी ठाऊक. "ती तिसरी, रेड्डीसाहेबांची. ती कोपऱ्यातली, कुलकर्णी बाईंची, तिथं हुक बसत नव्हता, लई त्रास."

जाळी बांधायची त्यांची गाठ वडिलांकडून आलेली. बैलाच्या दाव्याची. "गाठ अशी पाहिजे ताई, की बैलाला फास बसू नये आन् बैल सुटू बी नये." ती मारून झाली की शेपटाला लाल दोऱ्याचे दोन वेढे. पूर्वी नजर लागू नये म्हणून बांधत. पुढे तीच त्यांची हमी झाली. जाळी सैल झाल्याची तक्रार आली की ते आधी लाल दोरा शोधत. दोरा दिसला की काम फुकट.

जोडीला रहीमभाई. काका नवव्या मजल्याच्या कठड्याबाहेर लटकत तेव्हा वर दोर धरून रहीमभाई बसलेले असत, पान चघळत. वीस-पंचवीस वर्षांची जोडी. रहीमभाईंनी मला पहिल्याच भेटीत सावध केलं होतं, "उनकी गांठ पे आंख मूंद के भरोसा करो बाजी, पर टाइम पे नक्को करो. परसूं आतूं बोले तो समझो महीना गया." हे अक्षरशः खरं होतं. काका जाळी परत न्यायला मात्र बोलावल्याच्या तासाभरात येत.

कारण जुनी जाळी हाच त्यांचा ध्यास झाला होता. नव्या कामाला गिऱ्हाईक थांबलेलं असायचं आणि हे दहा वर्षांपूर्वीच्या बाल्कन्यांची दारं वाजवत हिंडायचे. कोणी हाकलायचे, कोणी भंगारवाला समजायचे. एका बाईंनी म्हणे दोन केळी हातावर ठेवली. काकांनी केळी खाल्ली आणि जाळी मागितलीच.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं काय त्या चिंध्यांत?"

"समुद्राला जातात," ते म्हणाले.

मी हसले. हैदराबादेत समुद्र कुठला? समुद्र म्हणजे माझ्या लेखी सुट्टीत दोन दिवस जायचं ठिकाण, जिथून परत आल्यावर आठवडाभर चपलांतून वाळू निघते. काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या ओट्यावर बोटानं पाण्याची रेघ ओढली. "ही आपली मुसी. अंबरपेठेत आमच्या दुकानामागं नाला हाय, तो हिच्यात. ही जाऊन मिळती कृष्णेला. कृष्णा समुद्राला. मधी धरणं हाईत, खरं हाय, पण पूर आला की दारं उघडावीच लागतात. नाल्यात टाकलेलं सगळं एक ना एक दिवस तिथं पोचतं, ताई. पत्ता लिहायला लागत नाही."

आणि मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "आमच्या गावातून समुद्र कुणी बघितला नव्हता. पण तो दर वर्साला आमच्याकडं येतो की, ढगात बसून. तूर पिकती ती त्याच्याच पाण्यावर. तो आपल्याला पाऊस धाडतो. आपण त्याला काय धाडावं, ह्या चिंध्या?"

शाळेत मी पर्जन्यचक्राची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण समुद्र आपल्या जेवणाच्या ताटात असतो, हे मला जाळ्या बांधणाऱ्या माणसानं सांगितलं. त्यानंतर मी त्यांना हसले नाही असं नव्हे, पण आदरानं हसले.

हसण्याचे प्रसंग ते स्वतःच पुरवत. कृष्णेच्या मुखाजवळ समुद्रकाठी कोळ्यांचं एक गाव आहे, तिथे ते दर वर्षी जात. त्या गावानं ठरवलं होतं की फाटलेली जाळी समुद्रात टाकून द्यायची नाही, होडीतून परत काठावर आणायची. टाकलेली जाळी मरत नाही, एकटीच मासेमारी करत राहते, कासवं अडकतात, मासे सडतात, आणि ते मासे कुणाच्याच पोटात जात नाहीत. गावानं जाळी आणली, पण ढीग साचत चालला. त्याचं करायचं काय? काकांना युक्ती सुचली. मासे अडवणारी जाळी कबुतरं अडवणार नाही का? दोन गोणी भरून जाळी बसनं हैदराबादला आणली आणि प्रयोगाला गिऱ्हाईक निवडलं ते मला. दुसऱ्याकडून बसवलेली माझी जाळी एव्हाना सैल पडून कबुतरं आत यायला लागली होती.

"तीनदा धुतली हाय, ताई. साबणानं."

जाळी सुरेख बसली. कबुतरं खरोखर यायची बंद झाली. पण मार्चचं ऊन तिच्यावर पडलं आणि तिसऱ्या दिवसापासून मांजरी यायला लागल्या. नवव्या मजल्यावर! जिन्यानं येत, लिफ्टमधून उतरणाऱ्यांच्या पायांतून येत, आणि माझ्या दाराशी गोल करून बसत. शेजारच्या शाकाहारी काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं. सोसायटीची तातडीची मीटिंग भरली. रहीमभाईंनी वर येऊन एकदा वास घेतला आणि म्हणाले, "बिराजदार, कबूतरां गए सो सही, पर ये तो पूरा मछली मार्केट खुल गया मियां."

काकांनी खजील होऊन जाळी उतरवली. महिनाभर हौदात भिजवली, वाळवली, पुन्हा भिजवली, आणि अंबरपेठेतल्या गच्च्यांवर वेलांना मांडव म्हणून वाटली. पावसाळ्यात एक दिवस माझ्या दारात हातभर लांब दोडका घेऊन उभे. "समुद्राच्या जाळीचा हाय." मी त्याची भाजी केली. वास बिलकुल नव्हता. शेजारच्या काकूंनाही वाटीभर दिली, कुठला दोडका ते मात्र सांगितलं नाही.

ते त्या गावात मुळात गेले कसे, आणि छातीच्या खिशातल्या पुडीत काय आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. एका संध्याकाळी काम आटोपल्यावर चहा घेत होतो. काकांनी आपणच पुडी काढून टीपॉयवर ठेवली. आत विटका जाळीचा तुकडा, त्यावर एक गाठ, आणि गाठीच्या शेपटाला दोऱ्याचे दोन वेढे. रंग उडालेला, पण लाल.

रहीमभाईंच्या भाचीच्या लग्नाला मछलीपट्टणला गेले असताना, पन्नाशीत, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायचा हट्ट धरला. रहीमभाई त्यांना त्या गावच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे बायका घोळका करून उभ्या होत्या. मध्ये एक कासवीण मरून पडली होती, अंडी घालायला आलेली. गळ्याभोवती जाळी. नागम्मा नावाची कोळीण कोयत्यानं ती कापून काढत होती. कापलेला तुकडा वाळूत पडला, आणि काकांना लाल दोरा दिसला.

"काढलेल्या जाळ्या आम्ही गोणीत भरून नाल्याच्या काठावर टाकत होतो, ताई. सगळेच टाकतात. पण सगळ्यांच्या जाळीला लाल दोरा नसतो."

तो तुकडा इतक्या लांबून खरंच वाहत गेला असेल का, ह्याची मला तेव्हा शंका वाटली, आजही थोडी आहे. मी ती बोलून दाखवली. काकांनी फक्त गाठ माझ्यापुढे सरकवली. "माझ्या बापाची गाठ मी वळखणार नाही?"

त्या दिवशी त्यांनी तुकडा मागून घेतला, खिशात घातला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा गेले, मदत करायला. मग दर वर्षी. नागम्मा त्यांना तम्मुडु म्हणायला लागली, म्हणजे धाकटा भाऊ. तिच्या घरी त्यांच्यासाठी चटई ठरलेली. "दर वर्साला ठरवून जातो, ह्या वेळेला सांगायचं. तिनं ताटात भात वाढला की तोंड उघडत नाही. सांगितलं आन् तिनं दार लावलं तर? मी परत कुठल्या तोंडानं जाऊ तिथं?"

"सांगून टाका, काका. सुटाल." उपदेश करायला माझं काय जातंय?

"हौ," ते म्हणाले आणि पुडी परत खिशात गेली.

गेल्या मार्चमध्ये मी त्यांच्याबरोबर गेले. पुण्याला बदली होणार हे ठरलं होतं, म्हटलं, जायच्या आधी हे गाव पाहूनच घेऊ. काका, रहीमभाई, मी आणि आठ गोणी जुन्या जाळ्या, हैदराबादच्या बाल्कन्यांतून जमवलेल्या. त्या जाळ्यांचं पुढे काय होतं ते तिथे कळलं. कासवांनी किनाऱ्यावर घातलेली अंडी गाववाले उचलून एका कुंपणाच्या आत वाळूत खड्डे करून ठेवतात, नाहीतर कुत्री आणि कोल्ही ती खातात. कुंपण ह्या जाळ्यांचं. मोसम संपला की काका ते उतरवून, मोजून परत नेतात, एक धागा मागे ठेवत नाहीत. घरटी एकेक माणूस पाळीनं पहाऱ्याला. त्या महिन्यांत किनाऱ्यालगत कुणी जाळं टाकायचं नाही, हाही गावाचाच नियम.

नागम्मा साठीची, खणखणीत आवाजाची. माझं तेलुगू भाजीवाल्यापुरतं, त्यामुळे ती बोलायची आणि रहीमभाई मला सांगायचे. मी विचारलं, कासवासाठी एवढा खटाटोप का? ती म्हणाली, कासव समुद्रातली घाण जेलीमासळी खातं. ती माजली तर माशांची पिल्लं गिळते. मग आमच्या जाळ्यात काय येणार, पाणी? समुद्र धड असला तर आमची चूल धड. हे सांगताना ती भात वाढत होती, आणि काकांच्या ताटात नको नको म्हणताना दोनदा.

त्या दुपारी काकांनी मोसमाच्या सुरुवातीला बांधलेलं कुंपण समुद्राच्या बाजूनं वाढवलं. मी खांब धरून उभी होते. त्यांचे हात पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि काय ते कळायला वेळ लागला. ते साध्या गाठी मारत होते. आपण पुड्याला मारतो तशा. दाव्याची गाठ नाही, लाल दोरा नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसले. इतकी वर्षं इथे ते अशाच गाठी मारत आले होते, आणि आणलेल्या जाळ्यांच्या कडेच्या जुन्या गाठी आधीच कापून टाकत आले होते. ओळख पटू नये म्हणून. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. नाही बोलले.

पहाटे आरडाओरड्यानं जाग आली. समुद्राकडच्या बाजूच्या चार गाठी सुटून जाळी लोळत होती. पहारेकरी दुसऱ्या टोकाला असताना कुत्री आत शिरली होती. एक खड्डा पूर्ण उकरलेला. वाळूवर अंड्यांची टरफलं, चुरगळलेल्या कागदासारखी. बाकीचे खड्डे वाचले होते. नागम्मा एकेक टरफल उचलून टोपलीत टाकत होती.

काका तिच्यासमोर वाळूत बसले. छातीच्या खिशातली पुडी काढली, उघडली आणि तुकडा तिच्या पायाशी ठेवला. मग त्यांच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगायला लागले. मला शब्द कळत नव्हते, पण गाठीकडे, नदीच्या मुखाकडे आणि स्वतःच्या छातीकडे जाणारं बोट कळत होतं. हळूहळू गाव जमलं. काका थांबले नाहीत. सगळ्यांसमोर सांगितलं, रडत सांगितलं.

नागम्मानं तुकडा उचलून पाहिला आणि बोलू लागली. रहीमभाईंनी हलक्या आवाजात मला सांगितलं, "बोल रई, मेरे कू मालूम था. ये समुंदर की जाली नहीं, शहर की है, वो तो उसी दिन समझ गए थे सब. और मरे हुए कछुए के गले का टुकड़ा कोई जेब में रखता क्या? इत्ते साल से रस्ता देख रई थी, तम्मुडु कब बोलता करके."

काका तिच्याकडे बघतच राहिले. पण तिचं संपलं नव्हतं. आता आवाज चढला. रहीमभाई ऐकता ऐकता ओशाळले आणि मला सांगायचे थांबले. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

"बोल रई, वो जाली कू नदी लाई, उसका गुस्सा नहीं मेरे कू. पर ये गांठ तूने जान के ढीली मारी. ये अंडे तेरी शरम खाई, कुत्ते नहीं."

मी आयुष्यात इतकं कठोर आणि इतकं खरं बोलणं फार कमी वेळा ऐकलं आहे.

काका उठले. डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. समुद्राकडच्या खांबापाशी जाऊन लोळणारी जाळी वर घेतली आणि बैलाच्या दाव्याची गाठ मारली. ओढून पाहिली. दुसरी मारली. तिसऱ्या गाठीशी नागम्मा त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. कमरेवर हात. तिनं गाठ बोटानं चाचपली, मान हलवली आणि काहीतरी विचारलं.

काका गोंधळून रहीमभाईंकडे पाहायला लागले. त्यांना समजलं होतं, पण विश्वास बसत नव्हता.

"क्या देख रे मियां," रहीमभाई म्हणाले. "पूछ रई, लाल धागा किधर है?"

महिन्याभरात मी पुण्याला आले. त्यानंतर काका फोनवर भेटतात, परसूं परसूं करत. पण डोळ्यांसमोर राहिले आहेत ते त्या सकाळचे. ऊन वर आलंय. मागे वाळूवर आदल्या खेपेच्या खड्ड्यातून निघालेली तीसेक पिल्लं धडपडत पाण्याकडे चालली आहेत, सगळं गाव वाकून त्यांना बघतंय. एकटे बिराजदार काका तिकडे पाठ करून बसलेत. लाल दोरा दातांत धरलेला, मान पहिल्यांदाच खाली. सगळ्या कुंपणाच्या जुन्या गाठी सोडून ते नव्यानं बांधतायत, आणि शेजारी बसून नागम्मा एकेक गाठ मोजून घेतेय.